नालीत सोडलेले तेल

बुद्ध पौर्णिमेला विहारासमोर भोजनदान होते. रात्री कढया घासून तेलकट पाणी आपण नालीत सोडतो आणि चार-आठ दिवसांत तीच नाली तुंबते. नगर परिषदेला बोल लावण्याआधी आम्ही आमच्याच कढया आठवल्या.

गरम पाणी आणि साबण लावला की तेल गेले असे वाटते. ते फक्त पुढे सरकते. साबणाने त्याचे बारीक थेंब होतात, पाणी निवले की ते पुन्हा एकत्र येतात. पामतेल आणि डालडा तर थंडीत गोठतातच, आणि गोंदियाची थंडी काय असते ते सांगायला नको. त्या थराला शिते, माती, पन्नी चिकटते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असाच सुमारे १३० टनांचा, २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता.

तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. हत्तीपाय पसरवणारा तोच. आपल्या जिल्ह्यात घरोघरी गोळ्या खाऊ घालतात त्या याच रोगासाठी. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. तुंबलेले गटार उपसायला उतरतो तो बहुतेक वेळा दलित वस्तीतलाच माणूस. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. बाबासाहेबांनी ज्या कामातून बाहेर पडायला सांगितले, त्याच कामात आपल्या मोरीतले तेल कुणाला तरी ढकलते.

तेल पाण्यापेक्षा हलके असते, उभ्या पाण्यात ते वर येते. एवढ्यावर उपाय होतो. मोरीबाहेर विटांचे दीड फूट लांब, रुंद आणि खोल टाके बांधून आतून सिमेंट लावा. मध्ये फरशीचा आडवा पडदा बसवा. तळाशी चार बोटे फट राहू द्या, वरचा काठ पाण्याच्या बराच वर ठेवा. बाहेरचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा दोन बोटे खाली. पाणी फटीतून पलीकडे जाते, तेल अलीकडेच अडते. झाकण घट्ट हवे, नाहीतर डास टाक्यातच वाढतील. आठवड्याला तवंग पळीने काढून धानाच्या तुसात कालवा आणि विहिरीपासून दूर पुरा. उकळते पाणी टाक्यात ओतू नका, अडलेले तेल पातळ होऊन निसटते. शोषखड्डा असेल तर टाके त्याच्या आधी हवे; तेलाने मातीची छिद्रे बुजली की खड्डा पाणी पीत नाही.

भांडी घासण्याआधी राखेने किंवा जुन्या कागदाने पुसली तर निम्मे काम तिथेच होते. भोजनदानाला टाके नसेल तर धुण्याचे पाणी ड्रममध्ये झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वरचा थर काढा, मग खालचे पाणी सोडा.