फेरेट आणि मिंक : प्रशिक्षित शिकारी प्राण्यांकडून कीडनियंत्रणाचे धडे

उंदीर, घुशी, ससे यांसारखे बिळात राहणारे उपद्रवी प्राणी शेतकऱ्याच्या नजरेआड वावरतात. पिकावरील कीड पानावर दिसते, तिची संख्या मोजता येते आणि उपाय तिच्यापर्यंत पोहोचवता येतो. बिळातील शत्रूच्या बाबतीत मात्र नुकसान आधी दिसते आणि शत्रू नंतर. या अडचणीवर युरोपातील शेतकऱ्यांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक उत्तर शोधले. बिळात शिरू शकेल असा लहान शिकारी प्राणी पाळायचा, त्याला शिकवायचे आणि काम झाल्यावर परत घरी आणायचे, असे ते उत्तर होते. फेरेट हा तो प्राणी होय. अलीकडे अमेरिकेत मिंक या त्याच्या आप्तालाही असे शिक्षण दिले जाते. मिंक उंदीर मारत असल्याच्या चित्रफिती आता खेड्यापाड्यांतील भ्रमणध्वनींवरही पाहावयास मिळतात. त्यामुळे ‘असा प्राणी आपल्याकडे का आणू नये?’ हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही पद्धत नेमकी कशी चालते आणि ती कोठे फसली, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

फेरेटची ओळख

फेरेट हा मुस्टेलिडी कुळातील प्राणी असून तो युरोपीय पोलकॅट या वन्य प्राण्यापासून माणसाळविला गेला. पाणमांजर, मिंक, स्टोट आणि वीझल हे त्याचे सगोत्र होत. लांबट व लवचीक शरीर, आखूड पाय आणि तीक्ष्ण घ्राणेंद्रिय ही या कुळाची वैशिष्ट्ये बिळातील शिकारीस पूरक आहेत. फेरेटची मादी साधारणतः पाऊण किलोच्या आसपास भरते, तर नर एक ते दोन किलो वजनाचा असतो. गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा असतो. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात बालेआरिक बेटांवरील सशांच्या उपद्रवाचे वर्णन केले आहे. पिके नष्ट झाल्यामुळे तेथील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सैनिकी मदत मागितल्याचे आणि सशांच्या शिकारीसाठी अशा लहान प्राण्याचा उपयोग होत असल्याचे त्याने नोंदविले आहे.

प्रशिक्षणाची पद्धत

फेरेटला शिकार शिकवावी लागत नाही, ती त्याच्या अंगी उपजतच असते. प्रशिक्षणाचा सारा भर माणसाकडे परत येण्यावर असतो. पिलांचे डोळे चार ते पाच आठवड्यांनी उघडतात आणि तेव्हापासून त्यांना दररोज हाताळण्यास सुरुवात करतात. हात म्हणजे धोका नव्हे, हे पिलाला या वयात उमगले नाही, तर पुढे ते चावरे होते. खाद्य देताना प्रत्येक वेळी ठरावीक आवाज केला जातो. शिट्टी किंवा डब्यात दाणे हलविल्याचा आवाज ऐकताच मांस मिळते, ही सवय पक्की झाली की तोच आवाज पुढे शेतात परत बोलावण्यासाठी उपयोगी पडतो.

त्यानंतर पिलांना आखूड नळ्यांतून ये-जा करण्याची सवय लावली जाते. नळीच्या तोंडाशी आलेल्या प्राण्याला झडप घालून पकडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. असा अनुभव आलेला फेरेट बिळाच्या तोंडाशी घुटमळतो आणि हात पुढे येताच पुन्हा आत सरकतो. म्हणून त्याला पूर्ण बाहेर येऊ देऊन, शांतपणे आणि सावकाश उचलण्याचा दंडक पाळला जातो. पहिली शिकार दोन-तीन तोंडांच्या लहान बिळावर, शक्य असल्यास अनुभवी फेरेटच्या सोबतीने केली जाते.

शिकारीचा दिवस

ब्रिटनमध्ये हे काम मुख्यतः हिवाळ्यात चालते. त्या काळात झाडोरा कमी असल्याने बिळांची तोंडे दिसतात आणि बिळात सशांची पिले नसण्याचा संभव अधिक असतो. प्रथम बिळाची सर्व तोंडे शोधून प्रत्येकावर पिशवीसारखे जाळे अंथरतात. मग फेरेटला आत सोडतात. त्याच्या वासाने व चाहुलीने ससे बाहेर धाव घेतात, जाळ्यात अडकतात आणि त्यांना तत्काळ मारले जाते. येथे फेरेटचे काम मारण्याचे नसून हुसकावण्याचे आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. फेरेटने बिळातच ससा मारला तर तो तेथेच पोट भरतो आणि झोपी जातो. मग मालकाला तासन्‌तास थांबावे लागते किंवा कुदळ-फावड्याने खणावे लागते. यासाठी फेरेटला कामापूर्वी उपाशी ठेवत नाहीत आणि पोटभरही चारत नाहीत. आता गळ्यातील पट्ट्यात लहान प्रक्षेपक बसवून जमिनीखालील फेरेटचा ठाव घेतला जातो. दिवस मावळताना सोडलेले सर्व फेरेट मोजून पेटीत परत घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानले जात नाही.

उंदरांच्या बाबतीत गणित वेगळे आहे. ससा पळतो, पण मोठा उंदीर उलटून चावतो. त्या जखमांतून संसर्ग होऊन फेरेट निकामी होतो. त्यामुळे अनेक जाणकार आपले चांगले फेरेट उंदरांवर सोडत नाहीत. जे सोडतात, ते बिळाबाहेर चपळ शिकारी कुत्रे उभे करतात.

या प्राण्याचे आरोग्य हाही खर्चाचा विषय आहे. कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग फेरेटसाठी जवळजवळ हमखास प्राणघातक असतो. माणसाचा इन्फ्ल्युएंझाही त्याला होतो. १९३३ मध्ये लंडन येथील शास्त्रज्ञांनी या रोगाचा मानवी विषाणू प्रथम वेगळा केला, तो फेरेटवरील प्रयोगांतूनच. माजावर आलेल्या मादीचा नराशी संयोग झाला नाही, तर माज लांबून रक्तक्षयाने ती दगावू शकते. शिवाय ३० अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेल्यास फेरेटला उष्माघाताचा धोका असतो.

मिंक : अर्धवट माणसाळलेला शिकारी

अमेरिकन मिंक मूळचा उत्तर अमेरिकेतील, पाण्याकाठी राहणारा प्राणी आहे. फरसाठी तो शेकडो पिढ्या नव्हे, तर केवळ एकोणिसाव्या शतकापासून पाळला जात आहे. साहजिकच फेरेटइतका तो माणसाळलेला नाही. अमेरिकेतील मोजके प्रशिक्षक पैदास केंद्रात जन्मलेली पिले लहान वयात घेऊन, जाड हातमोजे घालून, रोजच्या हाताळणीने त्यांना माणसाची सवय लावतात. पिंजऱ्यात परतल्यावर मांस मिळते, हा धडा येथेही मध्यवर्ती आहे. मिंक उत्तम पोहतो. त्यामुळे कालव्यांचे काठ पोखरणाऱ्या मस्करॅट या प्राण्यावर तो प्रभावी ठरतो. उंदरांच्या वस्तीत तो बिळात शिरतो आणि बाहेर पळालेल्या उंदरांना कुत्रे टिपतात. तथापि मिंक फेरेटप्रमाणे केवळ हुसकावत नाही, तो मारतो. त्याला आवरण्यासाठी लागणारे कौशल्य थोड्यांकडेच असते.

मिंक हातातून निसटल्यास काय होते, हे ब्रिटनने अनुभवले आहे. तेथे १९२९ पासून मिंकपालन सुरू झाले. निसटलेले मिंक १९५० च्या दशकात नद्यांकाठी प्रजनन करू लागले आणि पाणउंदीर जातीच्या ऱ्हासाचे ते एक प्रमुख कारण बनले. २०२० मध्ये कोविडचा विषाणू मिंकपालन केंद्रांत पसरला आणि डेन्मार्कमध्ये सुमारे दीड कोटीहून अधिक मिंक मारावे लागले.

उपखंडातील परंपरा

शिकारी प्राण्याला कामाला लावणे आपल्या उपखंडाला नवीन नाही. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि त्यांची निगा राखणारे चित्तेवान ही एक स्वतंत्र कसबी मंडळी होती. बांगलादेशातील नराइल भागात आणि सुंदरबनाच्या परिसरात मच्छीमार आजही पाणमांजरांच्या साहाय्याने मासेमारी करतात. प्रौढ पाणमांजरे दोरीने बांबूला बांधलेली असतात, तर पिले त्यांच्यामागून मोकळी पोहतात. मासे पकडणे हे त्यांचे काम नसून मासे जाळ्याकडे हाकणे हे आहे. फेरेट आणि पाणमांजर हे एकाच कुळातील प्राणी. दोन दूरच्या प्रदेशांतील माणसांनी त्यांना जवळजवळ सारख्याच रीतीने वापरले. प्राणी हाकतो, जाळे धरते आणि दोरी किंवा पेटी माणसाच्या हाती राहते.

दोरी सुटली तेव्हा

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये युरोपीय वसाहतकारांनी आणलेले ससे अनावर झाले आणि मेंढपाळांची कुरणे उजाड होऊ लागली. ब्रिटनमध्ये फेरेट सशांवर उपयोगी पडतो, हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा १८८० च्या दशकात फेरेट, स्टोट आणि वीझल हजारोंच्या संख्येने आणून मोकळे सोडण्यात आले. पक्षितज्ज्ञांनी दिलेला इशारा मानला गेला नाही. प्राणी तेच होते. जाळे, शिट्टी आणि पेटी मात्र मागेच राहिली.

सशांची संख्या इतक्या वेगाने वाढते की हे शिकारी तिला पुरे पडले नाहीत. दुसरीकडे जमिनीवर राहणारे काकापो, किवी यांसारखे पक्षी अशा शत्रूला सर्वस्वी अनभिज्ञ होते. रिचर्ड हेन्री यांची १८९४ मध्ये रेझोल्यूशन बेटावर रक्षक म्हणून नेमणूक झाली. तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या साहाय्याने त्यांनी मुख्य भूमीवरील काकापो व किवी शोधले आणि शेकडो पक्षी नावेतून बेटावर सुरक्षित पोहोचविले. १९०० मध्ये त्या बेटावर स्टोट दिसला. तो पाणी पोहून आला होता. अनेक वर्षांच्या श्रमांवर त्या एका प्राण्याने पाणी फेरले. मुसके बांधलेला कुत्रा आणि मोकाट स्टोट यांच्यातील अंतर हाच या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा आहे. न्यूझीलंडने २००२ मध्ये फेरेटची पैदास व विक्री यांवर बंदी घातली. मात्र रानातील फेरेट आजही तेथे आहेत.

याच प्रकारची एक कथा भारतातून सुरू होते. १८७२ मध्ये ऊसमळ्यांतील उंदरांवर उपाय म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली. आरंभी उंदीर घटल्याचे दिसले आणि १८८३ मध्ये जमैकातील मुंगसे हवाई बेटांवर पोहोचली. पण मुंगूस दिवसा वावरतो, तर उंदीर प्रामुख्याने रात्री. मुंगसांनी पक्षी, सरडे, अंडी आणि कोंबड्या यांवर ताव मारला. आपल्या बांधावर उपकारक ठरणारा प्राणी परक्या भूमीत जगातील अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींमध्ये गणला जाऊ लागला.

कीटकशास्त्राची कसोटी

कोणताही नैसर्गिक शत्रू मोकळा सोडण्यापूर्वी जैविक नियंत्रणशास्त्र तीन प्रश्न विचारते. पहिला, तो केवळ लक्ष्य किडीवरच जगतो काय? दुसरा, त्याचा वावर किडीच्या वेळी व किडीच्या जागी असतो काय? तिसरा, चूक झाल्यास त्याला परत घेता येईल काय? सोडलेला जीव परत घेणे बहुधा अशक्यच असते. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निर्विवाद असावी लागतात.

पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. ही परकीय कीड २००८ मध्ये कोइम्बतूर येथे आढळली आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली. २०१० मध्ये बेंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेने असेरोफॅगस पपाये या परोपजीवी कीटकासह तीन जाती आयात केल्या, विलगीकरणात त्यांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या घेतल्या आणि नंतरच त्या प्रसारित केल्या. या कीटकांचे यजमानक्षेत्र मर्यादित असल्याने कीड आटोक्यात आली आणि इतर जीवांना धक्का लागला नाही. फेरेट, मिंक व मुंगूस पहिल्याच प्रश्नावर अनुत्तीर्ण होतात, कारण ते जे मिळेल ते खातात. त्यांच्या बाबतीत सुरक्षितता प्राण्याच्या स्वभावात नसून माणसाच्या ताब्यात असते. तो ताबा सुटताच सुरक्षितताही संपते.

आपल्या शेतासाठी

फेरेट किंवा मिंक यांची आयात भारतीय शेतीस उपयुक्त ठरणार नाही, असाच निष्कर्ष वरील विवेचनातून निघतो. परदेशी जिवंत प्राणी परवान्याविना आणणे बेकायदेशीर आहे. आपला उन्हाळा त्यांना सोसवणारा नाही. शिवाय आपल्या शेतातील घूस बिळाचे तोंड मातीने बंद ठेवते, त्यामुळे सशासाठी घडलेले हे तंत्र येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. मुंगूस, घुबड हे आपले स्थानिक शिकारी वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांना पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, परंतु त्यांच्यासाठी शेतात जागा ठेवणे हे शहाणपणाचे आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींवर भर द्यावा.

१. बांध शक्य तितके अरुंद व तणमुक्त ठेवावेत. रुंद, गवताळ बांध हे घुशींचे माहेरघर असते.

२. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरलेली बिळे जिवंत समजून तेवढ्यांवरच उपाय योजावा.

३. पिकाच्या सुरुवातीच्या अवस्थेत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे उभारावेत. रात्री त्यांवर बसणारी घुबडे उंदरांची शिकार करतात. गव्हाणी घुबडाच्या घरट्याची जागा मोडू नये.

४. नियंत्रण मोहीम संपूर्ण शिवारात एकाच वेळी राबवावी. एकट्याने उपाय केल्यास शेजारच्या शेतातील उंदीर मोकळी झालेली बिळे व्यापतात.

५. विषारी आमिष हा शेवटचा उपाय समजावा आणि तो कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच वापरावा. झिंक फॉस्फाइडपूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावे, अन्यथा उंदीर सावध होतात. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, म्हणजे ते खाऊन घुबडे व अन्य शिकारी प्राणी दगावणार नाहीत.

फेरेट पाळणारा ब्रिटिश शेतकरी सूर्यास्तापूर्वी आपले प्राणी मोजून पेटीत घेतो. ही साधी शिस्त न्यूझीलंडमध्ये पाळली गेली नाही आणि तिची किंमत तो देश आजही मोजत आहे. शेतात कोणताही नवा जीव, मग तो सस्तन प्राणी असो वा डोळ्यांना जेमतेम दिसणारा कीटक, सोडण्याचा प्रस्ताव आला, तर तो परत मोजून घेता येईल काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर नकारार्थी असल्यास शास्त्रीय चाचण्या पूर्ण होईपर्यंत थांबावे.