मुंबई सोडून नाशिक? : एका निर्णयाचा अभ्यास

जोसेफ प्रीस्टली हे नाव शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात भेटतं आणि परीक्षा संपली की आपण ते विसरतो. पण १७७२ साली हे गृहस्थ एका अगदी घरगुती प्रश्नात अडकले होते. ते तेव्हा इंग्लंडमधल्या लीड्स या कापडाच्या व्यापारावर वाढणाऱ्या गावात धर्मोपदेशक होते. पगार वर्षाला शंभर गिनी, राहायला घर आणि वाढता संसार. अशात लॉर्ड शेल्बर्न यांचं बोलावणं आलं. कॅल्न नावाच्या छोट्याशा गावाजवळ त्यांचा वाडा होता. तिथे येऊन ग्रंथालय सांभाळायचं, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यायचं आणि वर्षाला २५० पौंड घ्यायचे. आता मोठं गाव सोडून छोट्या गावात जावं की न जावं?

त्यांनी आपल्या लंडनमधल्या मित्राला विचारलं. हा मित्र म्हणजे पतंग आणि विजेवाले बेंजामिन फ्रँकलिन! सप्टेंबर १७७२ मध्ये फ्रँकलिनने जे उत्तर पाठवलं, त्यात जा किंवा जाऊ नको असं काहीच नाही. त्याने फक्त ठरवायची रीत सांगितली. एका कागदाचे मधोमध रेघ मारून दोन भाग करायचे, एका बाजूला जाण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न जाण्याची. घाई करायची नाही, तीन-चार दिवस जसजसं सुचेल तसतसं लिहीत राहायचं. मग प्रत्येक कारणाचं वजन ठरवायचं आणि दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं खोडत जायची. उरेल त्या बाजूने निर्णय. आपल्या इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समधल्या ‘वेटेड रेटिंग’च्या तक्त्याचे हे पणजोबाच म्हणायचे.

हे सगळं शोधायची पाळी आली ती आमच्या घरातल्या प्रश्नामुळे. आम्ही डोंबिवलीचे. बाबा एका कंपनीच्या फोर्टातल्या ऑफिसमध्ये खरेदी विभागात आहेत. कंपनी हा विभाग नाशिकला, अंबडच्या कारखान्यात हलवते आहे. येणार की नाही ते मार्चअखेर कळवायचं आहे. हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांपुढेही वर्षभरात हाच प्रश्न येणार, कारण प्लेसमेंटच्या यादीत पुणे-मुंबईबरोबर नाशिक आणि कोल्हापूरही असतं. म्हणून आम्ही केलेला हिशोब इथे मांडते.

सुरुवात सगळे पैशापासून करतात, तेव्हा मीही तिथूनच करते. शहर छोटं झालं तर खर्च किती कमी होतो? याचं एक ठोकळ उत्तर सरकारने स्वतःच देऊन ठेवलंय. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. मुंबई आणि पुणे एक्समध्ये, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर वायमध्ये. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ पगार ५०,००० धरला तर मुंबईत १५,००० आणि नाशिकला १०,०००. म्हणजे सरकारच्या मते दोन शहरांत महिन्याला पाच हजारांचा फरक. खाजगी कंपनीत हा नियम लागू नाही, पण एक आकडा हाताशी राहतो. नाशिकच्या ऑफरमध्ये पगार मुंबईच्या मानाने यापेक्षा बराच जास्त कापला असेल, तर ‘तिकडे स्वस्ताई आहे हो’ हे एचआरचं वाक्य कितपत खरं मानायचं ते कळतं. बाबांचा पगार आहे तोच राहणार आहे, त्यामुळे आमच्या कागदावर पैसे जाण्याच्या बाजूला पडले.

त्याच बाजूला त्याहून मोठी गोष्ट पडली ती वेळेची. डोंबिवली ते सीएसएमटी साधारण ४८ किलोमीटर. घरापासून स्टेशन, लोकलची वाट, पहिली गर्दीमुळे सोडणं, प्रवास आणि पुढे चालणं धरून बाबांचे रोज साडेतीन तास जातात. वर्षाचे ३०० दिवस धरा, १०५० तास झाले. अंबडला काम आणि पाथर्डी फाट्याला घर असेल तर स्कूटरवर जाऊन-येऊन अर्धा तास, म्हणजे वर्षाला १५०. वाचले ९०० तास, चोवीस तासांचा एक असे साडेसदतीस अख्खे दिवस! हा आकडा बाबांना दाखवला तेव्हा ते काही बोललेच नाहीत. अठ्ठावीस वर्षं ते ही लोकल पकडताहेत, त्यांना गुणाकार करून सांगायची गरज नव्हती.

इथपर्यंत तक्ता सोपा होता. प्रीस्टलीच्या कागदावर असतील तशाच गोष्टी, पगार, घर, वेळ. आईचा रकाना आला आणि बेरीज अडली.

आई घरी तिसरी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बावीस मुलं आहेत. त्यातल्या निम्म्यांची मोठी भावंडंही तिच्याकडेच शिकली. जाहिरात कधी केली नाही, एकीने दुसरीला सांगितलं आणि वर्ग भरला. माझी मेस आणि हॉस्टेलची फी या पैशातून जाते. नाशिकला जाताना आईची डिग्री आणि फळा ट्रकमध्ये टाकता येईल, पण या बावीस घरांचा विश्वास टाकता येणार नाही. तो जमायला तिला चौदा वर्षं लागली होती.

याला अर्थशास्त्रात नाव आहे, हे मला लायब्ररीत कळलं. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने १९७८ साली कुटुंबाच्या स्थलांतरावर एक शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की घर हलतं तेव्हा सगळ्यांचा फायदा होतो असं नाही. एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा असला की बेरीज अधिक येते आणि घर हलतं. एकटी असती तर जी व्यक्ती हललीच नसती पण घराबरोबर हलली, तिला त्याने ‘टाइड मूव्हर’ म्हटलं. आपल्याकडे अशा व्यक्तीला बहुतेक वेळा ‘आई’ म्हणतात. गंमत म्हणजे उलटा प्रकारही त्याने सांगितलाय. एकटा असता तर गेला असता, पण घरासाठी थांबला, तो ‘टाइड स्टेअर’. म्हणजे नाशिकला नाही म्हटलं तर बाबा या रकान्यात येतात. माझ्या मते तक्ता मांडताना घराची एकच बेरीज करूच नये. प्रत्येकाची वेगळी करावी आणि चारही एकमेकांशेजारी ठेवावीत. आमच्याकडे बाबांची बेरीज ठळकपणे नाशिककडे झुकली, आईची तितकीच ठळकपणे डोंबिवलीकडे. भाऊ यंदा दहावीला आहे, त्याची जवळजवळ शून्य आली. एसएससी बोर्ड राज्याचं, अभ्यासक्रम तोच, फक्त परीक्षेआधी हलवू नका एवढंच त्याचं म्हणणं. आजीने वजनं द्यायला नकार दिला. फडके रोडच्या गणपतीला दहापैकी किती मार्क द्यायचे, असं तिने मलाच विचारलं. मी तो रकाना रिकामा ठेवला.

दुसरा मुद्दा आपल्यासारख्यांनी जास्त लक्षात घ्यावा असा आहे. पहिली नोकरी कुठे मिळते याबरोबरच ती गेली तर दुसरी कुठे मिळेल हेही बघायला हवं. आल्फ्रेड मार्शलने १८९० सालच्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात उद्योग एकाच जागी का गोळा होतात याची कारणं दिली आहेत. त्यात एक हे की एका कौशल्याची माणसं आणि ती हवी असणारे मालक एकाच ठिकाणी जमले की दोघांची सोय होते. मुंबईत नोकरी बदलली तरी घर बदलावं लागत नाही, लोकलची दिशा बदलते फार तर. नाशिकला सातपूर-अंबडमध्ये मशिनिंग आणि वाहनांच्या सुट्या भागांचं काम भरपूर आहे, ओझरला एचएएल आहे, त्यामुळे मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनवाल्याला तिथे दुसरं दार सापडू शकतं. पण ज्याचं काम शहरात दोन-तीन कंपन्यांतच आहे, त्याने ही दारं आधी मोजून घ्यावीत. बाबांचा खरेदी विभाग प्रत्येक कारखान्याला लागतो, हे आमचं नशीब.

माझी रूममेट सिन्नरची. हा लेख तिला वाचून दाखवला तर म्हणाली, ‘अगं, तू नाशिकला हिल स्टेशन समजतेस का? द्वारका चौकात संध्याकाळी सहाला उभी राहून बघ.’ तिचं बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेतच नाशिकची लोकसंख्या चौदा लाखांच्या पुढे होती. आम्ही त्याला छोटं म्हणतो ते मुंबईच्या एक कोटी चोवीस लाखांशेजारी ठेवून. शिवाय नाशिकला लोकल ट्रेन नाही. महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ पासून धावते, तरी बहुतेक घरांत दुचाकी लागतेच, आणि आमच्याकडे दोन लागतील. नाशिक रोड स्टेशन जुन्या शहरापासून आठ-दहा किलोमीटर लांब. म्हणजे ‘वाटलं की पंचवटीने मुंबईला येऊ’ हे तितकं सोपं नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून गाडीवाल्यांना कसारा घाट टाळता येतो, पण आमच्याकडे गाडी नाही!

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रकाना, जो फ्रँकलिनच्या कागदावर वेगळा काढलेला नाही. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण रिव्हर्सिबल आणि इरिव्हर्सिबल प्रोसेस शिकतो. खरी प्रोसेस कधीच पूर्ण रिव्हर्सिबल नसते, प्रश्न फक्त किती नुकसान सोसून मागे येता येईल एवढाच. घर हलवण्याचंही तसंच आहे. नाशिक आवडलं नाही तर भाड्याचं घर सोडता येतं, नुकसान डिपॉझिटच्या थोड्याफार रकमेचं आणि ट्रकच्या भाड्याचं. शाळा-कॉलेज बदलता येतं. पण डोंबिवलीचा वन-बीएचके विकून त्या पैशात नाशिकला मोठा फ्लॅट घेतला (काकांचा हाच सल्ला आहे), आणि पाच वर्षांनी परत यावं लागलं, तर तो फ्लॅट विकून डोंबिवलीत तेवढीच जागा मिळेल याची खात्री कोण देणार? आईचा वर्गही एकदा बंद झाला की मुलं दुसरीकडे जाणार, ती परत येत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक कारणापुढे वजनाबरोबर दुसरा आकडा लिहिला, मागे फिरायची किंमत. असं केल्यावर ‘जायचं की नाही’ या एका प्रश्नाचे तुकडे झाले. बाबांनी जाणं, घर विकणं, आईचा वर्ग बंद करणं, आजीला हलवणं हे चार वेगळे निर्णय आहेत आणि ते एकाच दिवशी घ्यायची सक्ती कोणी केलेली नाही.

प्रीस्टली शेवटी गेले. १७७३ मध्ये त्यांनी लीड्स सोडलं आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७७४ मध्ये, त्याच वाड्यातल्या प्रयोगशाळेत पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगाने ऊन पाडून तो वायू मिळवला. छोट्या गावात गेलं की ऑक्सिजन सापडतो, असं मला म्हणायचं नाही. मला त्यांच्या करारातली दुसरीच गोष्ट आवडली. नोकरी सुटली तरी तहहयात वर्षासन मिळेल असं आधीच ठरलेलं होतं. १७८० मध्ये ते शेल्बर्नकडून बाहेर पडले तेव्हा त्यांना वर्षाला १५० पौंड मिळत राहिले आणि त्या जोरावर ते बर्मिंगहॅमला, पुन्हा एका मोठ्या गावात, जाऊन राहिले. परतीची सोय जातानाच करून ठेवली होती.

बाबांनी कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारले. पगार तोच राहील का, सामान हलवायचा खर्च कोण देणार, आणि दोन वर्षांत मुंबईला परत यायचं झालं तर बदली मिळेल का. पहिल्या दोघांना सरळ उत्तरं आली. तिसऱ्याला, ‘जागा उपलब्ध असल्यास विचार केला जाईल.’ आई म्हणाली, ‘म्हणजे नाही.’ बाबा म्हणाले, ‘म्हणजे नाहीच असंही नाही.’ तो रकाना आम्ही ‘नाही’ धरूनच भरला.

सध्या ठरलंय ते असं. बाबा एप्रिलपासून एकटे जातील, पाथर्डी फाट्याकडे अकरा महिन्यांच्या कराराने घर घेतील. डोंबिवलीचं घर विकायचं नाही. आईचा वर्ग पुढच्या मार्चपर्यंत चालू, आणि मधल्या काळात ती नाशिकला उन्हाळी सुट्टीचा महिनाभराचा वर्ग घेऊन बघणार, किती मुलं येतात ते. आजीला मे महिन्यात पंधरा दिवस तिकडे नेऊ. तिने एकच अट घातली आहे, घर तळमजल्यावर हवं.