टीपीआर चार्ट आणि अर्धा बँड

लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 7 आणि रायटिंग 6. नाइट ड्युटी संपवून चेंजिंग रूममध्ये आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल उघडला आणि तशीच बाकावर बसले. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर बाकी तिन्हीत 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 लागतात. अर्धा बँड कमी!

इंग्रजी कच्चं म्हणून गेलं असतं तर एवढं लागलं नसतं. पण माझं गेलं ते पाठांतरानं. क्लासमध्ये साचा मिळाला होता : 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड'नं सुरुवात, मग काहींना असं वाटतं, काहींना तसं, शेवटी दोन्ही बाजू महत्त्वाच्या. वहीत लिहून असली वाक्यं घोकली. प्रश्न आला तो माझ्याच धंद्यातला : सरकारनं उपचारांपेक्षा रोग टाळण्यावर जास्त खर्च करावा, हे तुम्हाला कितपत पटतं? मिरजेत नऊ वर्षं वॉर्ड सांभाळलाय, गँगरीन झाल्यावर आलेले मधुमेहाचे पाय धुतलेत. मला मत नव्हतं असं कोण म्हणेल? पण विचारलं होतं माझं मत, आणि मी साच्याप्रमाणे दोन्ही बाजूंना गोंजारत बसले. परीक्षकाला असलं पाठांतर लगेच कळतं. प्रश्नातलीच वाक्यं उतरवून काढली, तर ते शब्द मोजणीत धरत नाहीत.

दुसरा घोळ वेळेचा. एका तासात दोन टास्क. पहिल्यात आलेखाचं किमान 150 शब्दांत वर्णन, दुसऱ्यात किमान 250 शब्दांचा निबंध, आणि निबंधाला दुप्पट वजन. मी आलेखावरच पस्तीस मिनिटं घालवली. प्रत्येक वर्षाचा प्रत्येक आकडा लिहून काढला. निबंधाचा शेवट अर्ध्या वाक्यात तुटला.

आलेखाचं कोडं सुटलं ते राउंडला. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, ताप कसाय?" मी चटकन म्हणाले, "काल संध्याकाळपासून उतरतोय सर, पहाटे एकदाच चढला होता." ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर दर चार तासांचे आकडे होते, त्यातला एकही मी वाचून दाखवला नाही. टास्क एकमध्ये नेमकं हेच हवं असतं! आधी एकूण कल, मग ठळक चढउतार, आणि त्यापुरतेच आकडे. एकूण कल सांगणारं वाक्यच नसेल तर बाकीचं वर्णन कितीही बिनचूक असो, बँड खालीच राहतो.

मग रोज एक आलेख नि एक निबंध, घड्याळ लावून. आलेखाला वीस मिनिटं, निबंधाला चाळीस. त्यातली पहिली पाच नुसता प्रश्न वाचून मत ठरवायला, शेवटची पाच चुका वेचायला. माझ्या चुका अस्सल मराठी : 'आय ॲम वर्किंग सिन्स नाइन इयर्स', आणि 'अ' नि 'द' तर आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे सटासट गळायचे. कुणाला तरी तपासायला द्या. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. मोठमोठे शब्द मात्र पेरू नका. मी 'प्लेथोरा' तीनदा वापरला होता, एकदा तर रोग्यांसाठी.

दुसऱ्या खेपेला 6.5 आले, नेमके लागतात तेवढेच. परवा एका ज्युनिअर सिस्टरनं ती पाठांतराची वही मागितली. मागची कोरी पानं फाडून तिला दिली.