जंगलातल्या गावांत संशोधन करताना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत आरोग्याची सर्वेक्षणं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्याने येणारी मुलं विचारतात, काय ध्यानात ठेवू? त्यांना हे सांगतो.

१. विषय गावाकडून घ्या. जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकलेले डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले, तेव्हा त्यांनी आधी सिकलसेल शोधला. तो सापडलाही, पण लोकांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या. मग वसा आणि अमिर्झा या गावांतल्या बायकांची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, ही समजूत हलली.

२. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात दिवसा घरांना कुलपं असतात, पुढे रोवणीतही तेच. तुमच्या तक्त्यात ‘घर बंद’ वाढत जातं, आणि ही घरं बहुतेक मजुरांचीच. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी गावाची नव्हे. दिवेलागणीला जा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणजे हिवतापाच्या ऐन दिवसांतल्या नोंदीच नाहीत. तिथं राहणारा माणूस आधीच तयार करा.

३. साधन वापरणारीच्या आवाक्यातलं हवं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला श्वास किती यावरून कळतं; पण दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल तर? बंगांच्या ‘सर्च’ संस्थेने मण्यांची पाटी आणि वाळूचं घड्याळ जोडून दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मला अजून यापेक्षा देखणं वैद्यकीय उपकरण दिसलेलं नाही.

४. तुलनेच्या गावांना उत्तर देता आलं पाहिजे. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा ‘सर्च’चा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावं होती. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. देशभरातल्या आशा सेविकांच्या हाती ही पद्धत सरकारी कार्यक्रम म्हणून आली २०११ मध्ये. कागदापासून बाळापर्यंत बारा वर्षं! दुसऱ्याच एका अभ्यासात तुलनेच्या गावातली बाई मला म्हणाली होती, “तिकडं बाळ पाहाले येता, आमच्याकडं नुसती नावं लिवाले येता का जी?” अभ्यास संपल्यावर तुलनेच्या गावाला काय मिळणार आणि केव्हा, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. मोठ्या संस्थांच्या प्रस्तावांत बजेटला पानंच्या पानं असतात. याला एक ओळही नसते.

५. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळ प्रयोगाच्या गावात जन्मतं आणि तुलनेच्या गावात वाढतं. ते कुठं मोजायचं, हा नियम आधी ठरवा.

६. दोन दिवसांत गेलेलं बाळ जन्माच्या वहीत येतच नाही. घरचे सांगतात, मूल झालंच नव्हतं. म्हणून नोंद गर्भारपणापासून ठेवायची. दिवस भरून गेले आणि वहीत बाळ नाही, तर त्या घरी पुन्हा जायचं. विचारायला बाई असावी, आणि सासू जवळ नसावी.