लोखंडावरचे आकडे

आबांना जुनी जीप घ्यायची होती. कांद्याचे पैसे हाती आले होते. गाडीवाला म्हणाला, "आबा, इंजिन असली आहे. डोळे झाकून घ्या."

आबा म्हणाले, "वाचायला शिकलो, तेव्हा कुठं डोळे उघडले. लगेच झाकू होय?"

त्यांनी मिस्त्रीला बोलावले. चला, आपणही त्यांच्याजवळ बसू.

जुन्या जीपचे इंजिन मूळचेच असेल असे नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत लढाईसाठी विलीस जीप बनली. १९४७ नंतर मुंबईत महिंद्रा कंपनी विलीस जीप जोडू लागली. या गाड्या पेट्रोलवर चालत. पुढे पेट्रोल महाग झाले. कित्येक मालकांनी ते इंजिन काढून डिझेलचे बसवले. कुणी ट्रॅक्टरचे बसवले, कुणी मोडीतले बसवले. वरून गाडी तीच दिसते. आत काय आहे ते बॉनेट उघडल्यावरच कळते.

मिस्त्री म्हणाला, "आबा, आधी पुस्तक वाचा."

पुस्तक म्हणजे गाडीचे आरसी बुक. त्यात इंजिन नंबर असतो, चॅसिस नंबर असतो. इंधन कोणते, सिलिंडर किती, सीसी किती, हेही असते. आबांनी बोट ठेवून वाचले, "पेट्रोल. सिलिंडर चार. सीसी दोन हजार एकशे नव्याण्णव."

"आता इंजिन बघा. वर जाड वायरी दिसतात?"

"चार दिसतात."

"त्या प्लगच्या वायरी. प्लग आहे म्हणजे पेट्रोल. डिझेलला या वायरी नसतात. तिथं पंपापासून निघालेल्या बारीक लोखंडी नळ्या असतात. जितक्या नळ्या तितके सिलिंडर."

इथवर पुस्तक आणि इंजिन जुळले. पण विलीसची पेट्रोल इंजिने दोन जातींची. सीसीवरून ती ओळखता येत नाहीत, कारण दोन्हींचे माप एकच. सिलिंडरचे भोक ३ इंच १ सूत, आणि पिस्टनची धाव ४ इंच ३ सूत. फरक आहे तो व्हॉल्व्हचा.

लढाईतल्या जीपचे इंजिन बुटके असते. त्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असतात. म्हणून हेड सपाट असते आणि प्लग त्यावर उभे असतात. १९५० साली दुसरे इंजिन आले. त्याला हरिकेन म्हणतात. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, आणि धूर सोडणारे खालीच राहिले. म्हणून हेडवर पत्र्याचे लांबट झाकण आले. गाडीत बसून पुढे पाहिले तर प्लग उजव्या अंगाला आणि कार्बोरेटर डाव्या अंगाला. हे इंजिन उंच, म्हणून १९५३ पासून जीपचे बॉनेटही उंच झाले. पण बॉनेट उंच दिसले म्हणून आत हरिकेनच आहे असे समजू नका. बॉनेट काही इंजिनाबरोबर बदलत नाही!

आबांच्या समोरचे इंजिन हरिकेन होते. हेडवर पत्र्याचे झाकण होते.

मग मिस्त्रीने रॉकेलचा बोळा घेतला. पाण्याचा पंप बसतो तिथली, ब्लॉकच्या पुढची जागा पुसली. मळ गेला आणि आकडे दिसले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लोखंडावर आकडे दोन तऱ्हेचे असतात. काही उठून वर आलेले असतात. ते ओतकामाचे आकडे. त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या इंजिनांवर ते सारखेच येतात. काही आकडे ठोकून खोल केलेले असतात. तो त्या एका इंजिनाचा नंबर. पुस्तकाशी जुळवायचा तो हा खोल नंबर. बोटाने चाचपले तरी फरक कळतो.

आबा म्हणाले, "यात इंग्रजी अक्षरं पण आहेत. ती मला येत नाहीत."

"न येऊ देत. कागद धरा त्यावर, आणि पेन्सिल आडवी घासा."

कागदावर नंबर जसाच्या तसा उमटला. आबांनी कागद पुस्तकाशेजारी ठेवला आणि एकेक खूण ताडून पाहिली. शेवटचे दोन आकडे निराळे निघाले.

गाडीवाला गप्प झाला.

मिस्त्री म्हणाला, "थांबा, गिअरबॉक्स पण बघू." त्याच्या अंगावर टी-९० हा छाप उठावात होता. हा तीन गिअरचा. पण छाप बाहेरच्या खोक्यावर असतो. आतले दाते बदललेले असू शकतात. ते मोजून कळते.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. मागची दोन्ही चाके उचलून आसाखाली लाकडी ओंडके दिले. चावी काढली, प्लग काढले, हँडब्रेक सोडला. चार चाकांचा जोड सोडवला, आणि दुसरा दांडा हलक्या भाराच्या जागी ठेवला. मागे जाणाऱ्या लांब शाफ्टवर खडूची रेघ मारली. गाडीखाली कुणी शिरायचे नाही, बाहेरूनच बघायचे. मिस्त्रीने पहिल्या गिअरात हँडल १४ वेळा फिरवले. आबांनी शाफ्टचे फेरे मोजले, ५ भरले. दुसऱ्या गिअरात ९. तिसऱ्यात १४ ला १४. हा टी-९० चा हिशोब. लढाईतल्या जीपचा गिअरबॉक्स असता, तर पहिल्या गिअरात ६ फेऱ्यांना हँडल १६ वेळा फिरवावे लागले असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बाहेरून घातलेली जाड प्लेटही नव्हती. तशी प्लेट दिसली, तर जोडी मूळची नव्हे असे समजावे.

म्हणजे गिअरबॉक्स बरोबर, इंजिनाची जातही बरोबर. पण इंजिन या गाडीचे नव्हे. त्याच जातीचे दुसरे कुणीतरी बसवले होते.

गाडीवाला म्हणाला, "आबा, एकसारखंच तर आहे. चालतंय ना?"

मिस्त्री म्हणाला, "चालतंय. पण इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी लागते, पुस्तकात नोंद लागते. १९८८ च्या मोटार कायद्यात तसं आहे. ते इंजिन कुणाच्या चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस आबांच्या दारात येतील."

"मी मोडीतून घेतलंय. पावती आहे घरी."

"मग ती पावती घेऊन आरटीओत जा," आबा म्हणाले. "पुस्तकात हा नंबर आला की मी पैसे घेऊन येतो."

"विसार तरी द्या."

आबांनी पेन्सिलीचा कागद घडी करून टोपीत ठेवला. "विसार नाही. पुस्तक आण, मग ताडून बघू."