हळद, सूज आणि तुझी बीपीची गोळी

चि. संदीप,

ताईकडून कळलं की तू बीपीची गोळी सोडलीस, सकाळी कोमट पाण्यातून हळद घेतोस आणि कंबर धरली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणतोस. ‘बीपी म्हणजे आतली सूज, अन् सुजेवर हळद’ हे तू मोबाइलवर ऐकलंस म्हणे. साफ खोटं असतं तर फोनवरच भागवलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून लिहायला बसलो.

बीपीत रक्तवाहिन्यांच्या भिंतीला सूक्ष्म दाह असतो. 2007 साली अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी नसलेल्या उंदरांना बीपी चढवणारं अँजिओटेन्सिन दिलं, तर त्यांचं बीपी फारसं चढलं नाही. त्यांच्यात लिम्फोसाइटांपैकीच टी-पेशी सोडल्या, तेव्हा चढलं. पण उंदरांचं माणसाला लागू होतंच असं नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये कॅनाकिनुमॅब हे दाह शमवणारं महागडं इंजेक्शन तपासलं गेलं. 2017 सालच्या त्या निष्कर्षांत दाह उतरला, पुढचे अटॅक थोडे घटले. बीपी मात्र जागचं हललं नाही, आणि जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

मग हळदीकडून काय अपेक्षा धरतोस? आपल्या वसमतच्या हळदीला जीआय मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण हळकुंडात कुरकुमिन हा कामाचा घटक साधारण 2 ते 5 टक्के, आणि त्यातलंही रक्तात उतरतं अगदी थोडं. भाजीत खा, बाजारात वीक, गोळीच्या जागी बसवू नकोस.

तुझी टेल्मिसार्टन त्याच अँजिओटेन्सिनची वाट अडवते. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाने घोट्यावर सूज आली म्हणून घाबरला असशील, तर तो दाह नव्हे; बारीक वाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, एवढंच. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. आपण होऊन बंद करायची नसते.

खरा घोर मला डायक्लोफेनॅकचा आहे. ते दाह कमी करतं आणि तरीही बीपी वाढवतं, कारण मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं. टेल्मिसार्टनचा जोरही त्याने कमी होतो. जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल आणि हळद काढणीच्या, शिजवणीच्या दिवसांत घामाने अंगातलं पाणी आटलेलं असेल, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य गेलं माझं. बीपीचा माणूस कंबरेची गोळी मागतो तेव्हा ‘बीपी आहे का’ हे विचारणारे फार थोडे.

आता मनाने काही करू नकोस. उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बीपी मोजून घे, गोळी सोडल्याचं आणि डायक्लोफेनॅकचं दोन्ही स्पष्ट सांग. कंबरेसाठी वेगळं काय घ्यायचं तेही तिथंच विचार. मोजलेला आकडा मला फोन करून कळव.

तुझा,
मामा
हिंगोली