जुन्या संकेतस्थळावरील अध्यापन-साहित्याची निर्यात : पाठसंपादनाच्या दृष्टीने

महाराष्ट्राबाहेरील मराठी विभागांची व्याकरणटिपणे, शब्दसूच्या आणि पाठ्यटीपा आज छापील रूपापेक्षा संकेतस्थळांवरच अधिक सापडतात. ही संकेतस्थळे ज्या कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीमवर उभी आहेत, त्या मात्र जुन्या होत चालल्या आहेत. उदाहरणार्थ, जानेवारी २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ या प्रणालीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्यामुळे सर्व साहित्य एकगठ्ठा बाहेर काढणे, म्हणजेच त्याची निर्यात करणे, भाग पडते. हे काम तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होण्याची आपली रीत आहे. आमच्या विभागाचे साहित्य बाहेर काढताना माझे मत असे बनले, की हे काम मुळात पाठसंपादनाचे आहे आणि भाषाशिक्षकाने त्यात पहिल्या दिवसापासून असले पाहिजे.

मूळ प्रत

पडद्यावर एकसंध दिसणारे पान आत तुकड्यांनी साठवलेले असते. ड्रुपल ७ मध्ये शीर्षक आणि तारीख एका तक्त्यात, मजकूर दुसऱ्यात, तर वर्गवारी तिसऱ्यात असते. जोडलेल्या फायली डेटाबेसमध्ये नसतातच; त्या सर्व्हरवरील वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलमध्येही चित्रांचे आणि पीडीएफचे केवळ पत्ते येतात, प्रत्यक्ष फायली येत नाहीत. हे लक्षात न घेता जुने संकेतस्थळ बंद केले, तर हाती फक्त पत्त्यांची यादी उरते.

म्हणून प्रथम संपूर्ण डेटाबेसची आणि फाइल-फोल्डरची जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. पुढचे सर्व संस्कार दुसऱ्या प्रतीवर करावेत. हस्तलिखितांच्या संपादनात आपण हाच नियम पाळतो.

फाँटचे नाव हाच पुरावा

युनिकोड रुळण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये टंकित झालेला आहे. अशा मजकुरात संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो फाँट. एकाच चिन्हाचा एका फाँटमध्ये एक अर्थ, तर दुसऱ्यात वेगळा असू शकतो. कोणता परिच्छेद कोणत्या फाँटमध्ये आहे, हे बहुधा त्या परिच्छेदाभोवतीच्या एचटीएमएल खुणांवरूनच कळते.

येथे क्रम चुकला, तर नुकसान कायमचे होते. निर्यात करताना ‘स्वच्छ मजकूर हवा’ म्हणून या खुणा आधीच काढून टाकल्या, तर मराठी कुठे संपते आणि इंग्रजी कुठे सुरू होते, हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून आधी रूपांतर, मग साफसफाई. शिवाय व्याकरणाच्या पाठात अधोरेखन आणि तक्ते ही सजावट नसते. प्रत्ययाखालची रेघ गेली, तर उदाहरण कशाचे आहे हेच कळत नाही. यासाठी निर्यात साध्या मजकुरात न करता एचटीएमएल किंवा एक्सएमएलमध्ये करावी.

दऱ्या आणि दर्या

रूपांतरातही मराठीचे काही प्रश्न खास आपले आहेत. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. त्यामुळे ‘कि’मधली वेलांटी क-च्या मागे न्यावी लागते आणि ‘धर्म’मधला रफार म-च्या आधी आणावा लागतो. ‘आर्थिक’सारख्या शब्दात दोन्ही हालचाली एकदम होतात आणि तिथेच रूपांतरक अडखळतात.

याहून नाजूक प्रश्न ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा. दऱ्या डोंगरात असतात, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना स्वयंपाकघरात बोलावतात, आचार्यांना व्यासपीठावर. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या रूपांतरकाला हा भेद ठाऊक नसेल, तर दोन्ही शब्द एकच होतात. युनिकोडमधील मजकूरही यातून सुटत नाही. काही ठिकाणी हा ‘ऱ’ साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून टंकित केलेला असतो. अदृश्य चिन्हे सरसकट पुसणारी आज्ञा चालवली, की दऱ्यांचा दर्या होतो. हा भेद शिकवणाऱ्या पाठातच असे घडले, तर विद्यार्थ्याच्या हाती दोन सारखे शब्द आणि त्यांच्यातला फरक समजावणारे विवेचन येईल!

‘ॲ’चेही तसेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन ते साधलेले असे. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळी मानतो. शोध घेतला तर निम्म्या नोंदी सापडतच नाहीत. कोणते रूप ठेवायचे ते आधी ठरवून सर्वत्र तेच वापरावे.

ताडून पाहणे

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ ताडून पाहून. निर्यातीतही ताडणे टळत नाही. प्रथम मोजणी करावी : जुन्या प्रणालीतील नोंदी, निर्यात झालेल्या नोंदी आणि जोडफायली यांचे आकडे जुळले पाहिजेत. नंतर दऱ्या, तऱ्हा, आर्थिक, स्त्रिया, दुःख, वाङ्मय अशा परीक्षक-शब्दांची यादी करून ते दोन्हीकडे शोधावेत. शेवटी प्रत्येक वर्गवारीतील काही पाने विद्यार्थ्यांनी मूळ पानाशेजारी ठेवून वाचावीत. पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सेचा याहून जिवंत प्रात्यक्षिक पाठ क्वचितच मिळेल.

एक सावधगिरी येथे हवी. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. तेवढ्याने फाइल बिघडलेली नसते. ती यूटीएफ-८ मध्ये आहे हे एक्सेलने ओळखलेले नसते. त्या अवस्थेत ती जतन केली, तर मात्र ती खरोखरच बिघडते.

प्रत्येक नोंदीसोबत तिचा जुना पत्ता, लेखक, तारीख आणि केलेल्या रूपांतराची टीप ठेवावी. पुढे एखाद्या पाठाविषयी शंका आली, तर याच टिपेच्या आधारे मूळ प्रतीपर्यंत जाता येईल. रूपांतरकाची कोणती आज्ञा चालवायची ते तंत्रज्ञ सांगू शकेल. पण ‘दर्या’ चुकीचा आहे की बरोबर, हे ते वाक्य वाचणाऱ्या मराठीच्या शिक्षकालाच ठरवावे लागेल.